विंडोज, मॅक, लिनक्स: एका कंप्युटरवरून दुसऱ्याचा डेस्कटॉप कसा चालवायचा

रिमोट डेस्कटॉप जोडायचा म्हटलं की बहुतेक जण हातातल्या कंप्युटरवर ॲप शोधत बसतात. खरं काम असतं पलीकडच्या कंप्युटरवर. ज्याचा स्क्रीन बघायचाय तो कोणती भाषा बोलतो, यावर बाकी सगळं ठरतं. या भाषा म्हणजे स्क्रीन दुसरीकडे पाठवायच्या ठरलेल्या पद्धती, प्रोटोकॉल. विंडोज आरडीपी बोलतं, मॅक व्हीएनसी, आणि लिनक्सला दोन्ही शिकवता येतात. जिथून बघायचं तिथे मात्र तिन्ही सिस्टिमसाठी दोन्ही भाषांची ॲप्स मिळतात. म्हणून आधी पलीकडचा कंप्युटर तयार करा. पहिली जोडणीही दोन्ही कंप्युटर एकाच वायफायवर, शक्यतो एकाच खोलीत ठेवून करा. काही अडलं तर उठून बघता येतं.

पलीकडे विंडोज असेल तर

सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जाऊन आधी आवृत्ती बघा. होम असेल तर हा रस्ता बंद: होमवरून दुसरीकडे जाता येतं, होमवर कुणाला येता येत नाही. (त्यावरचा उपाय पुढे आहे.) प्रो असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप इथलं बटण चालू करा. तिथेच नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनची (डेस्कटॉप दिसण्याआधीच ओळख तपासण्याची) खूण दिसेल, ती असू द्या. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही कमांड द्या आणि आयपीव्ही४ समोरचा पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्या कंप्युटरचा नंबर, लिहून घ्या. घरच्या वायफायवर तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. राउटर हा पत्ता मधूनच बदलू शकतो, त्यामुळे रोजची ये-जा असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये तो त्या कंप्युटरसाठी राखून ठेवा.

आता अलीकडे या. मॅकवर मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज ॲप' घ्या. २०२४ पर्यंत त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप होतं, जुन्या लेखांत तेच भेटेल. लिनक्सवर रेमिना हे ॲप घ्या. त्यात प्रोटोकॉल आरडीपी निवडा, पत्ता टाका, कनेक्ट करा. पहिल्यांदा सर्टिफिकेटवर, म्हणजे पलीकडच्या कंप्युटरच्या ओळखपत्रावर, विश्वास ठेवायचा का, असं विचारलं जाईल. विंडोजने ते स्वतःच बनवलेलं असतं म्हणून हा प्रश्न येतो. तुमच्याच नेटवर्कवर, तुमच्याच कंप्युटरला जोडत असाल तर हो म्हणा.

यानंतर लॉगिन, आणि गाडी अडते ती इथेच. पहिल्या वेळी मी अर्धा तास रोजचा चार आकडी पिन टाकत होतो आणि दर वेळी 'लॉगिन चुकलं' हेच उत्तर येत होतं. कॅप्स लॉक तपासला, कीबोर्ड बदलला, राउटरसुद्धा बंद-चालू केला. चूक पिनमध्ये नव्हती, पिन टाकण्यात होती. पिन फक्त त्या कंप्युटरसमोर बसणाऱ्यासाठी असतो, बाहेरून येणाऱ्याला खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर युजरनेमच्या जागी ईमेल पत्ता टाका. खात्याला पासवर्डच नसेल तर आधी एक ठेवा, रिकामा चालत नाही.

पलीकडे लिनक्स असेल तर

उबुंटू २४.०४ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप इथे दोन पर्याय दिसतात. 'डेस्कटॉप शेअरिंग'मध्ये समोर चालू असलेलाच स्क्रीन दिसतो, पण त्यासाठी तिथे कुणीतरी लॉगिन केलेलं असावं लागतं. 'रिमोट लॉगिन'ला ती अट नाही. दोन्हीकडे युजरनेम आणि पासवर्ड वेगळे ठरवायचे असतात, तुमचा नेहमीचा लॉगिन पासवर्ड तिथे आपोआप लागू होत नाही. मग विंडोजवर आधीपासूनच असलेलं 'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन' उघडून पत्ता टाका. इतर लिनक्सवर एक्सआरडीपी हा आरडीपी बोलणारा प्रोग्राम बसवता येतो. तो वापरून नुसता काळा स्क्रीन दिसला तर त्याच युजरने कंप्युटरवर आधीच लॉगिन केलंय का बघा. बहुतेकदा तेच असतं. तिथून लॉगआउट करा आणि पुन्हा जोडा.

पलीकडे मॅक असेल तर

सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग इथे स्क्रीन शेअरिंग चालू करा. शेजारच्या 'आय' बटणात व्हीएनसी व्ह्यूअरना पासवर्डने येऊ देण्याचा पर्याय आहे, तोही लावा. विंडोजवरून टाइटव्हीएनसीने, लिनक्सवरून रेमिनाने जोडा. पोर्ट (कंप्युटरमध्ये शिरायचं क्रमांकाचं दार) ५९००. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली आठ अक्षरंच मोजली जातात आणि स्क्रीनवरचं सगळं उघड्यावरून जातं. घरातल्या वायफायपुरतं ठीक, इंटरनेटवरून तसं कधीही नको.

घराबाहेरून

राउटरवर ३३८९ हे आरडीपीचं पोर्ट उघडा, असा सल्ला अजूनही दिला जातो. तो ऐकू नका. उघडी पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम चोवीस तास चालू असतात. २०१९ मध्ये सापडलेल्या 'ब्लूकीप' या त्रुटीत तर जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवाय शिरता येत होतं. त्याऐवजी व्हीपीएन लावा, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारा पण फक्त तुमच्या कंप्युटरांपुरता बंद रस्ता. वायरगार्ड उत्तम, पण ते हाताने मांडावं लागतं. टेलस्केल सोपं आहे: दोन्ही कंप्युटरवर बसवा, एकाच खात्याने लॉगिन करा, प्रत्येकाला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळतो. वर जिथे जिथे १९२.१६८ टाकलं, तिथे तो टाका. बाकी काही बदलत नाही.

विंडोज होमवाल्यांनी आणि एवढी खटपट नको असलेल्यांनी रस्टडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉप घ्यावं. तिथे आवृत्तीची अट नाही. फक्त फोनवरून कुणी अनोळखी माणूस असलं ॲप टाकायला लावून कोड मागू लागला तर फोन ठेवून द्या.

निघण्यापूर्वी पलीकडच्या कंप्युटरची स्लीप सेटिंग बंद करा, झोपलेला कंप्युटर बहुधा हाकेला ओ देत नाही. आणि काम संपल्यावर 'डिस्कनेक्ट' करा. फुल स्क्रीनवर असताना आपण कुठे आहोत हे विसरायला होतं. एकदा मी माझा लॅपटॉप बंद करतोय असं समजून शट डाउन दाबलं, तर बंद झाला तो दुसऱ्या गावातला कंप्युटर, आणि तो चालू करायला तिथे कुणी नव्हतं.