भजनातून स्वतःच्या गाण्याकडे

बेळगाव-खानापूर पट्ट्यात गाण्याचा पाया गावच्या भजनातच पडतो. स्वतःचं गाणं रचायलाही तिथूनच सुरुवात करा.

आधी शब्द. मोठ्या अभंगाचा साचा 6-6-6-4 अक्षरांचा. जोडाक्षर एकच मोजायचं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. उदाहरणार्थ:

पेरणी थांबली । दाटले आभाळ ।
निथळतो माळ । रातभर ॥

आता आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर टाळी देत ओळ नुसती म्हणा. चाल बहुतेकदा इथंच बिघडते: 'निथळतो'चा 'नि' समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, आला की ताणून 'नी' होतो आणि शब्द मरतो. समेवर 'माळ'चा 'मा' आणा, तो हवा तेवढा लांबतो.

पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा', भजनीबुवांची उचलू नका. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला 'प') स्पष्ट लागेल आणि तार गंधार (वरच्या सप्तकातला 'ग') न ओरडता निघेल, ती आपली. पेटीवर अर्धा-अर्धा स्वर सरकवून पाहा.

चालीसाठी आजीची जात्यावरची ओवी आणि शेजारची कानडी पदं फोनवर टिपून ठेवा. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या गायक कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग घडवले. धून जशीच्या तशी घेऊ नका. तिची एक वळणदार जागा घ्या आणि मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, तिच्याभोवती बांधा.