स्टँडअप बोर्डाच्या उजव्या टोकापासून सुरू करा

रोजच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, प्रत्येक जण 'काल हे केलं, आज ते करणार' असं म्हणून मोकळा होतो, आणि चार दिवस रिव्ह्यूमध्ये अडकलेल्या कामाचं नावही कुणी काढत नाही. यावर उपाय सोपा आहे: माणसांची पाळी लावू नका, कामांची लावा.

१. बोर्ड, म्हणजे कामांची कार्डं डावीकडच्या 'टू डू'पासून उजवीकडच्या 'डन'पर्यंत रकान्यांत मांडलेला तक्ता, स्क्रीनवर उघडा आणि 'डन'च्या अगदी अलीकडच्या रकान्यापासून डावीकडे या. जे संपत आलंय ते आधी.

२. प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न: 'हे पुढे सरकायला काय हवंय?' उत्तरात माणूस आणि वेळ दोन्ही हवं. 'रिव्ह्यू बाकी आहे' हे उत्तर नव्हे. 'मी बारापर्यंत बघते' हे उत्तर.

३. 'टू डू'चा रकाना वाचूच नका. तिथली कामं कुठे पळून जात नाहीत.

४. शेवटी विचारा: बोर्डावर नसलेलं काही कुणी करतंय का? बहुतेक वेळा निघतंच काहीतरी, एखादा 'जरा बघ ना' म्हणून गळ्यात पडलेला बग वगैरे. त्याचं कार्ड तिथल्या तिथे बनवा.

तांत्रिक चर्चा रंगली तर त्या दोघांना नंतर बसू द्या. पंधरा मिनिटांची मर्यादा त्यासाठीच आहे. तसंही ते ठरावीक तीन प्रश्न (काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय) स्क्रम गाइडच्या, म्हणजे स्क्रम या कार्यपद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेच्या, २०२० च्या आवृत्तीतून वगळलेले आहेत, त्यामुळे ते सोडले म्हणून काही नियम मोडत नाही.

एक मात्र सांभाळा: प्रश्न कार्डाला आहे, माणसाला नाही. मॅनेजरने 'अजून का नाही झालं?' असा सूर लावला, की लोक काम न सरकवता नुसती कार्डं सरकवू लागतात.