पागोळीचं पाणी परड्यातच मुरवायचं कसं

बेळगावात वळीव झोडपून गेला की दहा मिनिटांत गल्लीतून तांबडं पाणी धावायला लागतं. त्यात आपल्याच अंगणातली माती असते, गुलाबाला घातलेला युरिया असतो, स्कूटरखाली ठिबकलेलं ऑइल असतं. हे पाणी गटारातून नाल्यात जातं. बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातल्या भातात तेच पाणी शिरतं. मार्कंडेय नदीत गेलेलं पाणी पुढे गोकाकजवळ घटप्रभेला मिळतं. खानापूरकरांची मलप्रभा, निपाणीकरांची वेदगंगा, कथा तीच.

नाल्याचं काय करायचं ते मोठं काम आहे. आपलं पाणी फाटकाबाहेर पडू न देणं, म्हणजे परड्यात उथळ खड्डा काढून, त्यात झाडं लावून ते तिथेच मुरवणं, मात्र कुदळ-फावड्याचं काम आहे, आणि ते मे महिन्यात उरकलेलं बरं.

आधी छत्री घेऊन उभं राहा

एखाद्या वळवात घराभोवती फिरा. पन्हळीचं पाणी कुठे पडतं, कुठून वळतं, कुठून बाहेर जातं ते बघून तिथे खुंट्या ठोका. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर नुसता 10 मिलिमीटर पाऊस झाला तरी सुमारे 900 लिटर पाणी होतं. म्हणजे पाइपखाली बादली ठेवून भागणार नाही.

मातीची परीक्षा

जिथे पाणी मुरवायचं तिथे आधी परीक्षेपुरता फूटभर खोल खड्डा काढा. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी खड्डा कोरडा दिसला तर जागा चांगली. बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूरकडे तांबडी जांभ्याची माती असते. तिथे बहुधा अडचण येत नाही. वडगाव-शहापूरकडच्या काळ्या मातीत मात्र पाणी रेंगाळतं. तिथे खड्डा उथळ आणि पसरट करा, मातीत वाळू आणि शेणखत मिसळा. तरीही पाणी हटत नसेल तर जागा बदला, हट्ट करू नका.

खड्डा

घराच्या पायापासून किमान 10 फूट लांब, आणि विहीर किंवा सेप्टिक टँक असेल तर त्याहून लांब. छपराच्या जेवढ्या भागाचं पाणी आणणार त्याच्या एक दशांश ते एक पंचमांश जागा धरा: 300 चौरस फुटांच्या पाण्याला 30 ते 60 चौरस फूट. खोली 6 ते 8 इंच, जास्त नको. तळ भाताच्या वाफ्यासारखा समपातळीत हवा. एका बाजूला कलला तर सगळं पाणी तिकडेच साचतं. निघालेल्या मातीचा उताराच्या बाजूला बांध घाला आणि जास्तीचं पाणी जायला त्यात दगड लावून एक सांडवा ठेवा. खानापूरच्या पश्चिमेकडच्या पावसात सांडवा मोठाच लागतो.

पाइपच्या तोंडाशी गोटे रचायला विसरू नका. मी पहिल्या वर्षी विसरलो. पहिल्याच पावसाने तिथे गुडघाभर भगदाड पाडलं आणि जी माती वाचवायची म्हणून खटाटोप केला तीच गटारात गेली.

तीस बाय चाळीसच्या साइटवर 10 फूट अंतर मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे पन्हळ पिंपात सोडा, आणि पेव्हर बसवलेच असतील तर कुंपणालगतची दोन फुटांची पट्टी तरी उखडून मोकळी करा. घराभोवती इंच न इंच फरशी करायची आपली हौस मला कधीच कळलेली नाही.

लावायचं काय

मृग लागल्यावर लावणी करा. तळाला वाळा लावा. तो पाण्यात उभा राहतो, उन्हाळाही सोसतो आणि मुळांनी माती घट्ट धरतो. त्याच्या जोडीला अळू आणि कर्दळ. कर्दळ मूळची इथली नाही, पण शिंजीर पक्षी तिच्यावर येतो म्हणून मी ठेवली आहे. कडेला गवती चहा. वर कोरड्या जागेत अडुळसा, निर्गुडी, करवंदाची जाळी. जागा असेल तर जांभूळ. करवंदाच्या काट्यांत बुलबुल निर्धास्त घरटं करतो. कढीपत्ता आणि लिंबू हवंच. त्यांच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर चिरडू नका, ते फुलपाखराचं पिल्लू आहे. रुई आपोआप उगवली तर राहू द्या. घाणेरीवरही फुलपाखरं येतात, पण ती परदेशी आहे आणि पक्षी तिचं बी रानभर नेतात. ती लावू नका.

झाडांखाली पालापाचोळा दोन-तीन इंच पसरा. तो जाळण्यासारखा करंटेपणा नाही. त्याच्यातच गांडुळं होतात, आणि गांडुळांमागे दयाळ पक्षी येतो.

खत आणि साबण

युरिया, डीएपी या बागेत नकोच. इतर झाडांना घालायचंच असेल तर आभाळ भरून आलेलं असताना घालू नका, ते थेट नाल्यात जातं. उकिरडा विहिरीपासून आणि पाण्याच्या वाटेपासून लांब हलवा. न्हाणीचं पाणी वेगळ्या चराने केळीला द्या, या खड्ड्यात आणू नका. गाडी मातीवर धुवा, रस्त्यावर नको.

डास आणि साप

शेजारच्या काकूंनी खड्डा बघताच दोन्ही शंका काढल्या. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो. खड्डा दिवसभरात आटला तर त्याला वेळच मिळत नाही. पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं पसरट भांडं मात्र दोन-तीन दिवसांनी घासून भरा. सापाचं मी काकूंना खोटं सांगितलं नाही. बेडूक आले की एखादी धामण कधीतरी येते; ती बिनविषारी असते आणि उंदीर खाते. पण साप ओळखण्याच्या भानगडीत न पडता घराभोवती तीन फूट जागा झाडून मोकळी ठेवावी, लाकडं-विटांचा ढीग भिंतीला लावू नये आणि रात्री परड्यात जाताना बॅटरी घ्यावी. काकूंनी यंदा त्यांच्या पन्हळीखाली अळू लावलंय. खड्डा अजून नाही.