नवा घोडा, जुनं खोगीर: या चुका टाळा

घोडा घेताना आपल्याकडे लोक बारकाईनं बघतात. दात बघतात, कानांची टोकं जुळतात का बघतात, भोवरे मोजतात, देवमण हा शुभ मानलेला भोवरा शोधतात, रेवाल या न हादरवणाऱ्या चालीसाठी पुन्हा पुन्हा पळवून घेतात. पाठ मात्र कुणी उघडी करून तिच्यावरून हात फिरवत नाही. व्यवहार ठरतो, घोडा टेम्पोतून घरी येतो आणि आधीच्या घोड्याचं खोगीर दुसऱ्याच दिवशी त्याच्या पाठीवर चढतं. मग महिन्याभरात फोन येतो: ‘काका, तंग आवळायला गेलं की चावायला धावतो. अडेल निघाला. जरा कडक लगाम घालू का?’

लगामाचं नंतर बघू. आधी खोगीर उतरव, त्याखालचं जाड अंथरण, म्हणजे नमदा, बाजूला ठेव आणि पाठ बघ. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकणं, स्वार चढताना पाठ खाली दाबून घेणं, एकाच बाजूला वळायला नकार देणं, उतारावर अडखळणं, या सगळ्याला लोक स्वभाव म्हणतात. बहुतेक वेळा हे दुखणं असतं आणि घोडा ते त्याला जमेल तसं सांगत असतो.

नमद्यावर नमदा

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त चीड आणते. खोगीर बसत नाही हे कळलेलं असतं, पण ते बदलायचं नसतं. म्हणून खाली एक जाड नमदा, त्यावर जेलचा पॅड, वर घडी घातलेलं घोंगडं. बाहेरून सगळं कसं मऊ मऊ दिसतं.

सैल अंगठी बोटात राहावी म्हणून तिला दोरा गुंडाळतात. घट्ट अंगठीला दोरा गुंडाळून ती सैल झालेली कुणी बघितली आहे का? खोगिराचा सांगाडा, ज्याला आपण सगळे ट्री म्हणतो, तो घोड्याच्या पाठीपेक्षा अरुंद असेल तर खाली घातलेला प्रत्येक नमदा जागा खातो आणि पकड वाढवतो. ट्रीची दोन टोकं खांद्यांच्या मागच्या स्नायूत रुततात. तिथला रक्तपुरवठा दबतो, स्नायू झिजतो, खळगा पडतो. मग त्या खळग्यात भरायला लोक आणखी एक पॅड आणतात.

उलटी बाजूही तितकीच वाईट. एका रायडिंग क्लबमध्ये रेसकोर्सवरून आलेली थरोब्रेड जातीची घोडी होती. उंच, बारीक, विदर, म्हणजे मान संपते तिथला पाठीचा उंचवटा, सुरीच्या पात्यासारखा वर आलेला. क्लबचं खोगीर रुंद पाठीच्या, पोट सुटलेल्या म्हाताऱ्या घोड्याला बसणारं. घोडीवर टाकल्यावर त्याची पुढची कमान सरळ विदरच्या हाडावर टेकली. खाली नमदे घालून ती उचलली. पुढचा भाग उचलला तसं खोगीर मागे कलंडलं, स्वाराचं सगळं वजन पाठीच्या मागच्या भागावर गेलं. आणि नमदे विदरवरून ताणलेल्या चादरीसारखे आवळले गेल्यामुळे हाडावरचा दाब होता तिथेच राहिला. घोडीची देखभाल करणारा मोतद्दार पहिल्या आठवड्यापासून सांगत होता की हात लावू देत नाही, गरम लागतंय. त्याचं कुणी ऐकलं नाही, कारण शिकवणीचे तास भरलेले होते. मी गेलो तेव्हा विदरवर लिंबाएवढी सूज होती. दोन-तीन दिवसांत ती फुटली. विदरमध्ये पू झाला की तो आत हाडापर्यंत आणि स्नायूबंधांपर्यंत वाट काढतो, वरची जखम भरते आणि आतून पुन्हा वाहायला लागते. त्या घोडीचा सबंध हंगाम उपचारात गेला. पुढे अरुंद ट्रीचं जुनंच खोगीर मिळालं आणि त्याखाली एक साधा सुती नमदा पुरला.

पॅड कधी चालतो? खोगीर किंचित सैल असेल आणि घोड्याचा स्नायू भरून यायची वाट बघत असाल तेव्हा, तात्पुरता, पुढच्या अर्ध्या भागात, दर आठवड्याला तपासून. एरवी नमदा घाम शोषायला असतो. तो पातळ आणि स्वच्छ हवा. वाळलेल्या घामानं कडक झालेला नमदा पाठ सोलवटतो. तंग आवळण्याआधी नमदा दोन बोटांनी वर ओढून खोगिराच्या कमानीत घ्यायचा, म्हणजे विदरवर ताण येत नाही. दोन सेकंदांचं काम आहे, पण घाईत असलेले नेमकं तेच गाळतात.

खोगीर खांद्यावर चढवणं

ही दुसरी. खोगीर जितकं पुढे तितकं दिसायला छान, असा समज आहे. मारवाडी घोड्याची मान उंच आणि कमानदार, तिच्याजवळ बसलं की फोटो चांगला येतो, म्हणून खोगीर पार मानेच्या मुळाशी. खालचं खांद्याचं पातं हलतं हे विसरलं जातं.

घोड्याला आपल्यासारखं गळ्याचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात, त्यामुळे पाय पुढे टाकताना खांद्याच्या पात्याचा वरचा भाग मागे सरकतो. हे वाचून पटत नाही, हाताला जाणवलं की पटतं. मोतद्दाराला पुढचा पाय उचलून हळूच पुढे ओढायला सांगा आणि तुम्ही पात्याच्या मागच्या कडेवर तळवा ठेवा. कड तुमच्या हाताखाली मागे येते. तिथेच ट्रीचं टोक बसवलं असेल तर प्रत्येक पावलाला हाड लोखंडावर आदळणार. घोडा मग छोटी पावलं टाकायला लागतो आणि मालक म्हणतो, चाल बिघडली.

माझी पद्धत साधी आहे. नमदा न घालता खोगीर विदरवर थोडं जास्तच पुढे ठेवायचं आणि केसांच्या दिशेनं मागे सरकवत न्यायचं. एका जागी ते आपोआप थांबतं, तीच त्याची जागा. ते पात्याच्या मागे दोन-तीन बोटं असलं पाहिजे. केसांच्या उलट दिशेनं पुढे कधीच ओढायचं नाही. चुकलं तर उचलून पुन्हा पुढून सुरुवात करायची.

त्या जागेवर खोगीर असताना बाकीचं बघून घ्या. कमान आणि विदर यांच्यात दोन ते तीन बोटं जागा हवी. ती स्वार बसल्यावरही उरली पाहिजे, म्हणून हे दोनदा बघायचं. मधला पन्हळ, ज्यातून कणा जातो, पुढून मागपर्यंत तीन-चार बोटं रुंद हवा. खोगिराच्या खालच्या गादीखालून हात पुढून मागे सरकवा: दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. पुढे घट्ट, मागे घट्ट आणि मध्ये हात मोकळा फिरत असेल तर खोगीर पाठीवर पुलासारखं टेकलंय आणि चार ठिकाणी वजन पडतंय. उलट ते मधोमध टेकून पुढेमागे डुलत असेल तर गादीचा बाक पाठीला जास्त झाला. दोन्ही खोगिरं त्या घोड्याची नाहीत.

लांबी विसरू नका. बहुतेक घोड्यांना बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. कुशीपाशी शेवटची बरगडी चाचपा आणि तिच्या मागोमाग बोट वर कण्यापर्यंत न्या. खोगिराची गादी त्या रेषेच्या पुढेच संपली पाहिजे, कारण तिच्यामागे कंबर आहे आणि तिला खालून बरगड्यांचा आधार नाही. काठेवाडी घोडे आणि भीमथडी तट्टं यांच्या आखूड पाठीवर मोठ्या आसनाचं खोगीर हमखास कमरेवर जातं. स्वार आडव्या बांध्याचा असेल आणि त्याला लहान आसन पुरत नसेल, तर तो घोडा त्याच्यासाठी नाही. हे तोंडावर सांगायला लागतं आणि मी सांगतो.

जत्रेतच खोगीर घेणं

दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोडेबाजार भरतो तेव्हा घोड्यांइतकीच सामानाची दुकानंही लागतात. गोंडे, कवड्या, रंगीत तंग, चकाकणारी खोगिरं. घोडा घेतला की त्याच दिवशी त्याच्या अंगावर सगळं नवं चढवायची हौस मला समजते. गोंडे घ्या, म्होरकी घ्या. खोगीर घेऊ नका.

बाजारात येणारा घोडा बाजारासाठी तयार केलेला असतो. महिनोन्‌महिने खुराक दिलेला, अंगावर चरबी, काम कमी. तुमच्याकडे आल्यावर खुराक बदलतो, रोजचं काम सुरू होतं आणि दोन-तीन महिन्यांत पाठीचा आकार बदलतो. रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या घोड्याचं उलटं होतं. तो काटकुळा येतो आणि भरत जातो. पहिल्या आठवड्यात मापानं शिवून घेतलेलं महागडं खोगीरही सहा महिन्यांत चुकीचं ठरतं. तोवर बऱ्यापैकी बसणारं खोगीर उसनं घ्या, लंजवर, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवत, काम करा, हातात धरून चालवा. एवढा धीर नसेल तर घोडा घ्यायची घाई का केली, असं मी विचारतो आणि लोकांना राग येतो.

माप घ्यायला मी जाड ॲल्युमिनियमची वाकणारी तार वापरतो. पात्याच्या मागे दोन बोटं सोडून ती विदरवरून आडवी टाकायची, दोन्ही बाजूंना दाबून बसवायची, अलगद उचलायची आणि पुठ्ठ्यावर आतली रेघ मारायची. आसनाच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीपाशीही तेच. पुठ्ठ्यावर घोड्याचं नाव आणि तारीख लिहायची. पुठ्ठा कापून दुकानात न्या आणि खोगिराच्या कमानीत धरून बघा: ट्रीचा उतार पुठ्ठ्याच्या उताराला समांतर हवा. नुसतं ‘मिडियम ट्री द्या’ म्हणणं बिनकामाचं आहे, एकाचं मिडियम दुसऱ्याचं अरुंद असतं. तीन महिन्यांनी पुन्हा रेघ मारा आणि दोन्ही पुठ्ठे एकमेकांवर ठेवा. बदल डोळ्यांना दिसतो.

छोट्या वाटणाऱ्या चुका

जुनं खोगीर ट्री न तपासता घेणं. पुढची कमान पोटाशी धरा आणि मागची कड जोरानं स्वतःकडे ओढा. आसनाला मधोमध सुरकुती पडली किंवा आतून कट्‌कन आवाज आला तर ट्री मोडलेला आहे. कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

तंग एका दमात आवळणं. आधी हलका, मग दहा पावलं चालवून, मग चढण्याआधी पुन्हा. तंग कोपरापासून साधारण चार बोटं मागे, उभा सरळ पडला पाहिजे.

गोल पोटाच्या तट्टूवर खोगीर फिरतं म्हणून तंग आणखी आवळणं. माथेरानसारख्या चढउतारावर ते पुढेही सरकतं, तिथे दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, लागते.

रोज जमिनीवरून डाव्या रिकिबीत पाय घालून चढणं. दर वेळी खोगीर आणि विदर डावीकडे ओढले जातात. ओटा वापरा, त्यात कमीपणा नाही.

पांढरे डाग न बघणं. काळ्या किंवा कुमैत, म्हणजे तांबूस, घोड्याच्या विदरच्या बाजूंना पांढरे केस असतील तर तिथे जुना दाब आहे. पांढऱ्या नुकऱ्यावर हे दिसत नाही, तिथे बोटांनी कातडी चाचपा. जाड, चिकटलेली कातडी लागेल.

पावसाळ्यात खोगीर तबेल्यात ठेवणं. कातड्याला बुरशी दिसते तरी, आतल्या लोकरीच्या गाठी दिसत नाहीत. दसऱ्याआधी गादीवरून अंगठा दाबत फिरवा. गाठ लागली की भरणी बदलून घ्या.

घाम वाचायला शिका

आपल्याकडच्या उन्हात घोड्याला घाम यायला वेळ लागत नाही. अर्धा तास काम केल्यावर खोगीर सरळ वर उचला, मागे ओढू नका, आणि लगेच बघा. पाठीच्या दोन्ही बाजूंना सारखा ओला पट्टा आणि मधे कण्यावर कोरडी रेघ, हे चांगलं. ओल्या भागात तळहाताएवढा कोरडा डाग पात्याच्या मागे असेल तर तिथे दाब इतका आहे की घाम आलाच नाही. मधला लांब भाग कोरडा असेल तर गादी तिथे टेकतच नाही. केस विस्कटलेले असतील तिथे खोगीर घासतंय. मग पाव तासानं पुन्हा हात फिरवा, कारण दाबलेल्या जागेवरचे फुगवटे दाब गेल्यावर वर येतात.

त्यानंतर कण्याच्या दोन्ही बाजूंना, चार बोटं सोडून, बोटांच्या पेरांनी विदरपासून कमरेपर्यंत दाबत जा. नखं लावू नका. एन्ड्युरन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, स्पर्धेत पशुवैद्यही अशीच पाठ तपासतात. घोडा एखाद्या जागी पाठ खाली घेतो, कातडी थरथरवतो, मान वळवून बघतो किंवा श्वास रोखतो. तीच जागा दुसऱ्या दिवशीही निघाली तर खोगीर बंद. ‘फक्त दहा मिनिटं बसतो’ हेही बंद. पशुवैद्याला बोलवा, आणि ते पाठ मोकळी आहे म्हणेपर्यंत सकाळ-संध्याकाळ दोरीवर हातात चालवा. खोगिराचं काय करायचं ते त्या दिवसांत पुठ्ठा घेऊन ठरवता येतं.