बॉट अर्धवट कँडलवर सौदे करत होता

पायथनमध्ये निफ्टी फ्युचर्ससाठी (निफ्टी निर्देशांकाचे वायदे) आपोआप सौदे करणारा छोटा बॉट लिहिला होता. पाच मिनिटांची कँडल, म्हणजे दर पाच मिनिटांतला सुरुवातीचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा (क्लोज) भाव. 9 कँडलचा ईएमए (ताज्या भावांना जास्त वजन देणारी सरासरी) 21 कँडलच्या ईएमएच्या वर गेला की खरेदी, खाली आला की विक्री. बॅकटेस्टमध्ये (जुन्या भावांवरच्या चाचणीत) दिवसाला दोन-तीन सौदे. प्रत्यक्षात पहिल्याच सकाळी अर्ध्या तासात अकरा! नशीब, पेपर ट्रेडिंग (खऱ्या पैशांशिवाय सराव) चालू होतं; नाहीतर ब्रोकरेज आणि एसटीटीतच (सौद्यांवरचा कर) खिसा रिकामा झाला असता.

दोन रात्री ईएमएचं सूत्र तपासत बसलो. ते बरोबरच होतं. मग लॉगमध्ये प्रत्येक कँडलची वेळ आणि क्लोज छापला, तेव्हा ट्यूब पेटली: 9:20 ला सुरू झालेली कँडल 9:25 ला संपते, पण एपीआय (बॉटला भाव पुरवणारा दुवा) ती 9:21 लाही देतो आणि ‘क्लोज’ म्हणून त्या क्षणाचा भाव लावतो. भाव हलला की सिग्नल उलटा. बॅकटेस्टमध्ये मात्र सगळ्या कँडल पूर्ण झालेल्या.

आता कँडलच्या सुरुवातीची वेळ अधिक पाच मिनिटं अजून उलटली नसतील, तर ती कँडल गाळतो. यातही एकदा फसलो. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (भारतीय वेळेच्या, म्हणजे आयएसटीच्या, साडेपाच तास मागे), त्याच्या लेखी 9:15 चा बाजार 3:45 ला उघडतो! कँडलची आणि सर्व्हरची, दोन्ही वेळा आयएसटीत आणल्या. शिवाय शेवटच्या सौद्याच्या कँडलची वेळ जपून ठेवतो, म्हणजे एकाच कँडलवर दुसरी ऑर्डर जात नाही.