टीएच17 येतच नाहीयेत? सायटोकाईन टाकताना या चुका टाळा

पुण्यात एनसीसीएस, आयसर, विद्यापीठ अशा सगळ्या संशोधन संस्था धरल्या तर टी सेल्स (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) लॅबमध्ये वाढवणारी पोरं कमी नाहीत, आणि चहाच्या टपरीवर रडगाणं एकच, सगळं प्रोटोकॉलप्रमाणे टाकलं तरी सेल्स पाहिजे त्या प्रकाराकडे (टीएच1, टीएच2, टीएच17) वळत नाहीत.

मेन चूक म्हणजे सायटोकाईनला, म्हणजे सेल्स एकमेकांना निरोप द्यायला सोडतात त्या प्रोटीनला, बटण समजणं. आयएल-12 दाबलं की टीएच1, आयएल-4 दाबलं की टीएच2, तक्ता पाठ असतो सगळ्यांना. तक्ता खोटा नाहीये, मॉसमन आणि कॉफमननी 1986 ला उंदराच्या क्लोन्समध्ये हे दोन गट दाखवलेच होते, पण तुमच्या प्लेटमधले सेल्स गप्प बसत नाहीत ना, तुम्ही आयएल-4 घालताय आणि शेजारचा सेल टीएच1 वालं इंटरफेरॉन-गॅमा सोडतोय, त्याने स्टॅट-1 या निरोप्या प्रोटीनमधून टीएच1 चं मास्टर प्रोटीन टी-बेट वाढतं आणि टी-बेट टीएच2 च्या गाटा-3 ला दाबून टाकतं. म्हणून नको ते सायटोकाईन अडवणारी अँटिबॉडी घालायची, टीएच2 साठी अँटी-इंटरफेरॉन-गॅमा, टीएच1 साठी अँटी-आयएल-4, आणि टीएच17 साठी दोन्ही. महाग आहेत म्हणून हीच अँटिबॉडी गाळली जाते आणि मग महिनाभर डोकं धरून बसायचं.

टीएच17 ची, म्हणजे आयएल-17 सोडणाऱ्या सेल्सची, तर वेगळीच नाटकं. नुसतं टीजीएफ-बीटा हे सायटोकाईन दिलं तर फॉक्सपी3 वाले टी-रेग, म्हणजे इम्युनिटीला लगाम घालणारे सेल्स, होतात, त्याच्याबरोबर आयएल-6 दिलं तर स्टॅट-3 मधून टीएच17 चं मास्टर प्रोटीन आरओआर-गॅमा-टी येतं, हे 2006 मध्ये कळलं. म्हणजे एकच टीजीएफ-बीटा दोन विरुद्ध दिशांना नेतं, त्यामुळे डोस सांभाळा, जास्त झालं की परत टी-रेगकडेच झुकतं. मीडियममध्ये घालतो त्या सीरममध्येही टीजीएफ-बीटा असतं, लॉट बदलला की रिझल्ट बदलतो, तर नवीन बाटली उघडण्याआधी छोटी टेस्ट घ्याच. आयएल-2 स्टॅट-5 मधून आयएल-17 अडवतं, म्हणून ‘सेल्स जरा जोमात वाढतील’ म्हणून सवयीने ते घालू नका. आणि आरपीएमआय मीडियममध्ये टीएच17 कमी येत असतील तर आयएमडीएम मीडियम घेऊन बघा, त्यात टीएच17 ला मदत करणाऱ्या एएचआर रिसेप्टरला लागणारे घटक जास्त असतात, उंदराच्या सेल्सना खरंच फरक पडतो.

टीजीएफ-बीटाची व्हायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या, पावडर दिसत सुद्धा नाही आणि झाकणालाच चिकटलेली असते. ॲसिडिक बफरमध्ये विरघळवून, बीएसए प्रोटीन घालून, छोटे ॲलिकॉट करा, म्हणजे थोडं थोडं वेगळ्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा. तीच ट्यूब रोज फ्रीजरमधून आत-बाहेर करणारे महाभाग प्रत्येक लॅबमध्ये असतातच.

सुरुवातीचे सेल्स खरंच नाईव्ह (अजून कशाशीच न भिडलेले) आहेत का तेही बघा, सीडी44 जास्त असलेले मेमरी सेल्स घुसले की ते आधीच ठरवून आलेले असतात, तुमचं ऐकणार नाहीत. माणसाच्या सेल्सवर उंदराचं इंटरफेरॉन-गॅमा चालत नाही, आयएल-4 पण नाही, लेबल वाचा. आणि माणसाच्या टी सेल्समध्ये नुसत्या ॲक्टिव्हेशननेही फॉक्सपी3 थोडा वेळ दिसतं, लगेच ‘टी-रेग झाले’ म्हणून ग्रुपवर टाकू नका.

कधी कधी सेल्स झालेले असतात, दिसतच नाहीत फक्त. तपासणीआधी सेल्स चेतवायला पीएमए-आयोनोमायसिन दिल्यावर सायटोकाईन आत अडवून ठेवणारं ब्रेफेल्डिन विसरलं की सायटोकाईन बाहेर निघून जातं आणि स्टेनिंग कोरडं. पीएमएने पृष्ठभागावरचं सीडी4 पण उतरतं, त्यामुळे फ्लो सायटोमेट्रीत सीडी4 चं गेट (सेल्स निवडायची चौकट) घट्ट लावलं तर चांगले सेल्सच बाहेर पडतात. प्रत्येक वेळी एक टीएच0 वेल ठेवा, म्हणजे सेल्स वळवणारं सायटोकाईन न घातलेलं, गेट त्याच्यावर ठरवा.