जुन्या स्कोपचा पॉवर सप्लाय दुरुस्त करताना

गेल्या जुलैत खानापूरकडचा एक माजी विद्यार्थी गोणपाटात गुंडाळलेला ऑसिलोस्कोप (विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेऊन माझ्याकडे शहापूरला आला. भंगारातून घेतलेला, दोन चॅनेलचा, १९७०च्या दशकातला. गोणपाट ओलंच होतं. "मॅडम, नवीन फ्यूज घातलो, लगेच उडला. मग जास्त अँपिअरचा घातलो, तर वास सुटला की." पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये माझी २६ वर्षं गेली, त्या वासाची मला ओळख आहे. त्याला म्हटलं, इथंच ठेव आणि दोन दिवसांनी ये.

आपल्याकडच्या पावसात ही पहिली पायरी कुणी चुकवू नये. कव्हर काढून स्कोप मोठ्या लाकडी खोक्यात ठेवायचा, शेजारी, पण कशाला न टेकता, ४० वॅटचा साधा बल्ब लावायचा आणि रात्रभर कोमट हवेत वाळू द्यायचा. ओल ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात शिरते, हाय व्होल्टेजच्या भागात धुळीबरोबर बसते. वाळल्यावर मऊ ब्रशनं धूळ काढावी.

मग प्लग न लावता नुसतं बघायचं. मागचा व्होल्टेज सिलेक्टर २३०वर आहे का? परदेशी यंत्र ११५वर ठेवलेलं असेल तर आपल्या लाइनवर फ्यूज उडणारच. फ्यूज मागे छापलेल्या अँपिअरचाच आणि त्याच प्रकारचा हवा. त्या मुलानं घातलेला जाड फ्यूज मी आधी काढला. मेनच्या तारा आत येतात तिथं पिवळसर, पारदर्शक कवचाचा चौकोनी कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो. आत धातूचा थर दिलेला कागद. वर्षानुवर्षांत कवचाला बारीक भेगा पडतात, त्यातून दमट हवा आत जाते आणि एक दिवस धूर काढून तो फुटतो. वास त्याचाच होता. भेगा दिसल्या की चालू असला तरी बदला. जागी एक्स-टू वर्गाचा (मेनच्या तारांमध्ये लावायलाच बनवलेला), निदान २७५ व्होल्ट एसीचाच लावा. डीसीचा कितीही मोठा असला तरी तिथं लावू नये.

हात घालण्याआधी मोठे फिल्टर कपॅसिटर रिकामे करा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडू नका. २.२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी जोडा. १००० मायक्रोफॅरडला असे १०-१२ सेकंद पुरतात, तरी मीटरनं खात्री केल्याशिवाय बोट लावू नका. पिक्चर ट्यूबचा हाय व्होल्टेज भाग हजारो व्होल्टचा. नवशिक्यानं तिथं जाऊच नये, शिकलेला माणूस शेजारी बसवावा. स्कोपची अर्थ पिन कधीही कापू नका. आणि डिमरस्टॅटनं व्होल्टेज कमी होतं, पण लाइनपासून तुम्ही वेगळे होत नाही, हे मी प्रत्येक बॅचला सांगत आले.

आता सिरीज बोर्ड. १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब मेनच्या सिरीजमध्ये. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट. मग प्लग काढून ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (पुढच्या भागांना वीज देणारी गुंडाळी) सोडवा आणि पुन्हा लावा. तरीही लख्ख असेल तर दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे. मंद झाला तर पुढे. ही पद्धत ट्रान्सफॉर्मरवाल्या साध्या सप्लायची. स्विचिंग सप्लाय (वीज वेगानं चालू-बंद करून व्होल्टेज बनवणारा) बल्बवर नीट सुरू होत नाही, त्याला ही परीक्षा लावू नका.

नवा कपॅसिटर लावूनही या स्कोपचा बल्ब लख्खच राहिला, सेकंडरी सोडल्यावर मंद. म्हणून प्लग काढून प्रत्येक रेल (सप्लायमधून निघणारी ठराविक व्होल्टेजची वाट) आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजला. बाकीच्या रेल शेकडो ओहम, +१५ची मात्र १.८. त्या रेलवर थेंबाच्या आकाराचे नऊ टँटलम कपॅसिटर. मुलगा म्हणाला, "सगळे काढून टाकूया की." इथं मी त्याला थांबवलं. जुन्या बोर्डाचे पॅड (भाग जिथं सोल्डर होतात ते तांब्याचे ठिपके) उष्णतेनं उचकटतात. नऊ कपॅसिटर काढून एक दोष सापडेल आणि दोन नवे दोष तयार होतील. मोजल्याशिवाय एकही भाग काढायचा नाही, हे मी जीव तोडून सांगते.

बाहेरचा बेंच सप्लाय १ व्होल्टवर, करंट लिमिट अर्ध्या अँपिअरवर ठेवून त्या रेलला जोडला. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर, एक प्रोब ग्राउंडच्या ठरलेल्या जागी, दुसरा ट्रॅकवर पुढे पुढे सरकवायचा. करंट जिकडे वाहतो तिकडे आकडा उतरत जातो, आणि दोषाच्या पुढे गेल्यावर उतरायचा थांबतो. आमचा आकडा रेघ आडवी चालवणाऱ्या स्वीप बोर्डाच्या कोपऱ्यात थांबला. तो एक टँटलम काढला आणि रेल मोकळी झाली. मूळ २० व्होल्टचा होता, मी ३५चा लावला. लावताना जपा: टँटलमवर खूण प्लसची असते, ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिकवर पट्टा मायनसचा.

आता बल्ब मंद झाला, मग थेट लाइन. माझ्या शेजारच्या घरात माग आहेत. ते चालू असले की माझा मेन खालीवर होतो, म्हणून डिमरस्टॅट २३०वर आणूनच मोजते. सगळ्यात आधी संदर्भाची रेल बघा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ती कुठली ते असतं. बाकीच्या रेल तिच्याकडे बघून स्वतःला ठरवतात. ती चुकली तर सगळ्या चुकलेल्या दिसतात आणि तुम्ही भलत्याच ट्रान्झिस्टरच्या मागे लागता.

मग रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आधीच्या कपॅसिटरवर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट, बघा. ब्रिजला (एसीचं डीसी करणारे चार डायोड) दर सेकंदाला १०० लाटा यायला हव्यात, म्हणजे १० मिलिसेकंदाला एक. ५०च आल्या तर ब्रिजचा निदान एक डायोड उघडा आहे. ४७०० मायक्रोफॅरडवर १ अँपिअरला ढोबळ हिशेबानं २ व्होल्टची लाट येते. याहून खूप मोठी आली तर कपॅसिटर वाळलाय, आणि लाटेचा तळ रेग्युलेटरला लागणाऱ्या व्होल्टेजच्या खाली गेला की स्क्रीनवरची रेघ थरथरते. इथं एक कपॅसिटर बदलावा लागला. गावात तसा मिळाला नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला. उंचीला कमी-जास्त चालतो. व्होल्टेज आणि १०५ अंशांचा दर्जा सोडू नका.

ट्रिमरला (व्होल्टेज जुळवायचा छोटा स्क्रू) शेवटी हात लावा. कव्हर बसवून निदान अर्धा तास गरम होऊ द्या, मगच संदर्भाची रेल मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. उभ्या-आडव्या मापांची अचूकता याच व्होल्टेजवर उभी आहे, म्हणून त्यानंतर चॅनेलचा गेन (उभं माप) आणि टाइमबेसही (आडवं माप) तपासावा.

त्याच्या स्कोपच्या कव्हरच्या आत मी कागद चिकटवला: प्रत्येक रेलचा मोजलेला आकडा, रिपल, बदललेले तीन कपॅसिटर, फ्यूजचा अँपिअर आणि तारीख.